टाकसाळीतला घाव

हलगी वाजली की माझा उजवा हात अजून आपोआप खिशात जातो. पूर्वी एका खिशात शिट्टी असायची आणि दुसऱ्यात भिंग. शिट्टी कधीच गेली, कुस्त्यांची पंचगिरी सोडून आता कैक वर्षं झाली. भिंग तेवढं राहिलं. काल संध्याकाळी नदीपलीकडच्या कुठल्याशा गावातून वाऱ्यावर हलगी ऐकू आली आणि मी गॅलरीत उभ्या उभ्या ते मुठीत घट्ट धरलं. बायको दोरीवरचे वाळलेले कपडे काढत होती. म्हणाली, "आली वाटतं तुमची जत्रा."

आमच्या कोल्हापूर भागात तीन ऋतूंवर भागत नाही, चौथा लागतो. तो जत्रांचा. माघात सुरू होतो आणि वैशाखात घामाघूम होऊन संपतो. ऊस तुटून रानं उघडी पडलेली असतात, पाचट जाळल्याचा वास असतो, पिंपळाला तांबूस पालवी आलेली असते. दारादारात बोकडं बांधलेली असतात. सकाळी ओरडत असतात आणि दुपारी नसतात. गटारातून लाल पाणी वाहतं, त्यावर माश्या, आणि तिथेच शेजारी पोरं गारेगार चोखत उभी. संध्याकाळी मैदानात ताक, लिंबू, हळद घालून मऊ केलेली तांबडी माती, आणि त्या मातीत माणसावर माणूस आदळल्याचा धप्प आवाज. ह्या ऋतूला रक्ताचा वास आहे. खोटं कशाला बोलू, मला तो आवडायचा.

मी शाळेत पी.टी.चा मास्तर. तरुणपणी तालमीत वाढलेला, त्यामुळे माझा हात आधी चालायचा आणि तोंड मागून. माझी मुस्काटात बसली की पोरगं दोन दिवस त्या कानानं ऐकायचं नाही, अशी माझी ख्याती. पालकच सांगायचे, "सर, हाडं आमची, कातडं तुमचं." नव्वदच्या दशकात ह्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. मला तर मुळीच वाटत नव्हतं.

आणि असल्या माणसाला नाद कसला, तर चुकलेली नाणी गोळा करायचा.

नाणं कसं तयार होतं ते मी पोरांना फार रंगवून सांगायचो. धातूची कोरी चकती, खाली एक ठसा, वर एक ठसा, आणि मध्ये एकच दणका. एका दणक्यात नाणं जन्माला येतं. हा दणका जरासा तिरका बसला की सिंह कडेला सरकतात. चकतीच अपुरी कापलेली असली की चतकोर खाल्लेल्या भाकरीसारखी कड येते. लाखांत एखादं असं निसटतं, पिशवीत जातं, बाजारात येतं. लोक ते खोटं म्हणून एकमेकांच्या गळ्यात मारत सुटतात, आणि शेवटी ते माझ्यासारख्या येड्याच्या हाती लागतं. दूधवाला, भाजीवाली, पानपट्टीवाला, सगळ्यांना मी सांगून ठेवलं होतं, वाकडं नाणं दिसलं की सरांना. बायको एकदा भाकरी थापता थापता म्हणाली होती, "काय म्हणावं ह्या माणसाला! चुकलेली नाणी डबीत कापूस घालून जपतोय, आन् चुकलेली पोरं बडवतोय." तेव्हा मी हसलो होतो. चांगला विनोद केला म्हणून चार ठिकाणी सांगितलाही.

ह्या नादात एक नियम आहे आणि तो आधी सांगितला पाहिजे, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. नाण्यावरचा घाव टाकसाळीतला असेल तर त्याला किंमत. मागाहूनचा असेल तर शून्य. लबाड लोक दोन नाणी एकावर एक ठेवून हातोडा मारतात, एकाचा ठसा दुसऱ्यावर उमटतो, आणि दुर्मीळ म्हणून विकायला बसतात. ओळखायचं कसं? उलटून बघायचं. मागाहून मारलेल्या नाण्याची दुसरी बाजू चेपलेली असते, अक्षरं दबलेली असतात, कड पसरलेली असते. टाकसाळीतच चुकलेल्या नाण्याची दुसरी बाजू कशी स्वच्छ, तरतरीत असते. मार खाल्लेलं आणि जन्मतःच तसं असलेलं, ह्यातला फरक भिंगाखाली लपत नाही. हे ओळखण्यात माझा हात धरणारा कोल्हापुरात कुणी नाही, अशी माझी घमेंड होती.

नव्वदचं दशक संपत आलं होतं, त्या साली जत्रांच्या तोंडावर कुठून तरी भुमका उठली, बाजारात खोटे रुपये आलेत. झालं! एस.टी.त कंडक्टर रुपया दातानं चावून बघायला लागले. चहाच्या गाड्यावर, भेळेच्या गाड्यावर एका रुपयावरून गचांड्या धरल्या जायला लागल्या. एका बाजारात मी स्वतः बघितलं, म्हातारीनं दिलेला झिजका रुपया भाजीवाल्यानं तिच्या अंगावर फेकून मारला. ऊन वाढत होतं तशी माणसं पेटत होती. मला मात्र बरंच वाटायचं, कारण लोक वाकडी नाणी पटापट माझ्याकडे आणून टाकत होते.

त्या चैत्रात पंचगंगेकाठच्या एका गावात मैदान होतं. गावाचं नाव सांगत नाही, गाव भलं आहे. मी पंच. पंचाला आवाज लागतो, आणि माझा आवाज असा की भोंगा बंद पडला तरी मैदानाच्या टोकाला बसलेल्याला ऐकू जायचा. धोकादायक पकड बसली की मी नुसतं "सोड!" म्हणायचो. शंभर किलोचा पैलवानसुद्धा हात सोडायचा. एवढी त्या एका शब्दाला किंमत होती.

मैदानाच्या कडेला खेळण्यांची, बांगड्यांची दुकानं लागली होती, आणि त्यांच्यात हुपरीच्या भूपालअण्णाचं एक छोटं दुकान होतं. हुपरी म्हणजे चांदीचं गाव, घराघरात पैंजण होतात. अण्णा चाळिशीचा, बारीक, पांढरी टोपी, जैनाचा माणूस. गावची जत्रा मटणाची, तर हा आपला दशमी-चटणीचा डबा घरून घेऊन आलेला. समोर लाल कापडावर पैंजण आणि जोडवी, बाजूला पावशेराची ऐरण आणि चिमुकली हातोडी. बायका बोट पुढे करायच्या, हा जोडवं ऐरणीवर ठेवून दोन टिचक्या मारायचा, अचूक बसवून द्यायचा. कुस्त्या सुरू व्हायच्या आधी मी ते बघत उभा राहिलो होतो. मला वाटलं, काय सुरेख हात आहे ह्याचा.

ह्या अण्णाच्या पान-तंबाखूच्या चंचीत एक रुपया होता. कुठल्या तरी सुट्ट्यात त्याला आला होता, आणि कारागिराची नजर म्हणून त्यानं तो गंमत म्हणून ठेवला होता. एका बाजूला सिंह, नेहमीसारखे उठावाचे. दुसऱ्या बाजूला आकडा नाही, साल नाही, कणीस नाही. तिथेही तेच सिंह, पण आत खोल गेलेले आणि उलटे, आरशात दिसावेत तसे. गिऱ्हाईक पांगलं तशी त्यानं शेजारच्या दुकानदाराला तो दाखवला. चार पोरं गोळा झाली. त्यातल्या एकानं विचारलं, हे असं कसं झालं? आणि अण्णानं ती चूक केली जी फक्त हुपरीचा माणूसच करू शकतो. त्यानं समजावून सांगितलं.

"खुळ्यानो, हे सोपं हाय. आधीचं नाणं वरच्या ठशाला चिकटून ऱ्हायलं, आन् त्येनंच खालच्याला दणका दिला. आमच्याकडं बी फुलं पाडताना असंच हुतंय की."

"तुमच्याकडं बी हुतंय?"

"हुतंय की! आठवड्यातनं एकदा तरी हुतंयच."

तो पैंजणाच्या फुलांबद्दल बोलत होता. पोरांनी रुपयाबद्दल ऐकलं. हुपरीचा, घरात ठसे, घरात हातप्रेस, आणि आता तोंडानं कबूल. माझ्यापर्यंत ते आले तेव्हा तीसेक जण झाले होते. पुढे विलास, माझाच जुना विद्यार्थी. दहावीला दोनदा बसलेला, माझ्या हातचं भरपूर खाल्लेला. अण्णाला दोघांनी दंडाला धरून ओढत आणलं होतं, टोपी कुठेतरी पडली होती, आणि विलासच्या एका हातात तो रुपया आणि दुसऱ्या हातात अण्णाचीच ऐरण-हातोडी होती, पुरावा म्हणून.

"सर, खोटं रुपयं पाडणारा घावला! कबूल बी केलंय त्येनं. तुमी नाण्यातलं दर्दी. बघा आन् सांगा."

मी रुपया हातात घेतला. अशा नाण्याबद्दल मी फक्त ऐकलं होतं. आयुष्यात एकदा तरी बघायला मिळावं म्हणून मी किती वर्षं चिल्लर चिवडत होतो. मी म्हणालो, "थांबा. घाई करू नका. निवांत बघू दे."

ते मी नाण्यासाठी म्हणालो. माणसासाठी नाही.

उजेड नीट पडावा म्हणून मी उन्हाकडे वळलो, म्हणजे अण्णाकडे माझी पाठ झाली. भिंग लावलं. पहिली मुस्काटात बसल्याचा आवाज आला. तो आवाज मी चांगला ओळखतो, माझा धंदाच होता तो. मी भिंगाखाली खोलगट सिंहांच्या आयाळी बघत होतो. कुणीतरी म्हणालं, "बोल, अजून किती पाडल्यास?" लाथ बसली की माणसाच्या छातीतून हवा निघते, तसा आवाज आला. मी उलटी अक्षरं वाचत होतो, एकेक अक्षर कोरल्यासारखं. "सर, सांगा की ह्यास्नी! सर!" हा अण्णाचा आवाज होता. मी नाणं उलटलं. दुसरी बाजू चेपलेली आहे का, ते बघायचं राहिलं होतं. मागे विलास म्हणत होता, "ह्याच हातानं पाडतोस न्हवं? ठेव, ठेव हिथं." दुसरी बाजू स्वच्छ होती. सिंहाच्या पंजाची नखंसुद्धा दिसत होती. मागे दोन घाव पडले. पहिल्याचा आवाज मऊ होता. दुसऱ्याचा ऐरणीचा आला.

त्या क्षणी मला आनंद झाला होता. हे लिहिताना लाज वाटते, पण आनंदच झाला होता. नाणं खरं होतं.

मग मी वळलो आणि मैदानाला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडलो, "खरं हाय हे! टाकसाळीतला घाव हाय, मागाहूनचा न्हाय! सोडा त्याला, काय दोष न्हाय त्याचा!"

अण्णा मातीत पडला होता. उजव्या हाताची दोन बोटं, अंगठ्याशेजारची, माझ्यानं बघवली नाहीत, म्हणून मी बघितली नाहीत. विलासनं हातोडी नेऊन परत लाल कापडावर होती तिथे ठेवली. खाली मान घालून, जरा रागानंच, तो मला म्हणाला, "आधी सांगायचं की वो, सर."

गावकऱ्यांनी अण्णाला टेंपोत घालून दवाखान्यात पाठवलं. कुणीतरी पैंजण गोळा करून गाठोडं बांधून बरोबर दिलं, एकही डागिना हरवला नाही. माणसं वाईट नव्हती हो. जत्रेला गालबोट नको म्हणून चौकीवर कुणी गेलं नाही. हलगी परत सुरू झाली. मी शिट्टी वाजवली आणि पहिली जोड लावली. शेवटच्या कुस्तीला अंधार पडला, तेव्हा खिशात हात घातला आणि कळलं की रुपया माझ्याकडेच राहिला आहे.

त्या दिवसापासून मी पोरांना मारणं सोडलं, असं लिहिता आलं असतं तर किती बरं झालं असतं. तसं काही झालं नाही. जूनमध्ये शाळा उघडली आणि पहिल्याच आठवड्यात मी एकाच्या कानाखाली काढली. दोन-अडीच वर्षं गेली अशीच. मग एक दिवस प्रार्थनेला उशिरा आलेल्या एका पोरानं छडीसाठी हात पुढे केला. रोजचंच होतं ते. पण ती बोटं नीट ओळीत, चिकटून, थरथरत माझ्यासमोर आली आणि मला ऐरणीचा आवाज ऐकू आला. छडी मी टेबलावर ठेवली. पोरगं बिचारं हात तसाच धरून उभं. "जा," म्हणालो, "वर्गात जा." ते जाईना. मी नंतर मारणार, असं त्याला वाटत होतं.

रुपया डबीत होता. कापसात. एकदा शहरात नाण्यांचं प्रदर्शन भरलं तेव्हा मी तो घेऊन गेलो. पुण्याकडच्या एका व्यापाऱ्यानं भिंग लावलं आणि त्याचा श्वास अडकलेला मला दिसला. त्यानं जो आकडा सांगितला त्यात तेव्हा जुनी स्कूटर आली असती. मी म्हणालो, विकायचा नाही. "कुठं सापडला?" त्यानं विचारलं. "सोडावाल्याच्या सुट्ट्यात," मी म्हणालो. इतकी सफाईदार थाप मी जन्मात मारली नव्हती. घरी येताना रंकाळ्यावर बसलो आणि नाणं फेकून द्यावं असं मनात आलं. फेकलं नाही. किंमत कळली होती ना.

अण्णाचं काय झालं, हे मी विचारलं नाही. हुपरीची एस.टी. रोज माझ्या डोळ्यासमोरून जायची. पाटी दिसली की मी तोंड फिरवायचो. सात-आठ जत्रा अशा गेल्या.

शेवटी बायकोनंच माझी खोड मोडली. तिला सगळं ठाऊक होतं, झोपेत मी "सोड, सोड" म्हणतो हे तिनंच मला सांगितलं. एका चैत्रात, अशीच लांब हलगी वाजत होती, ती डबी माझ्यापुढे ठेवून म्हणाली, "झोपेत वरडून काय उपेग? ज्याचं त्याला नेऊन द्या. न्हायतर पंच म्हणून मिरवू नका." दुसऱ्या दिवशी मी एस.टी.त बसलो.

हुपरीत शिरलं की आधी आवाज येतात. घराघरातून टिकटिक, टिकटिक, हजार हातोड्या. उंबऱ्यावर बसलेल्या बायका बोटांवर कड्या जोडत असतात, मांडीवर पैंजणांचा ढीग, तोंडानं गप्पा, नजर वर नाही. तेजाबाचा आंबट वास नाकात बसतो. भूपालअण्णाचं घर विचारलं तर एका बाईनं हातातलं काम न थांबवता हनुवटीनं दाखवलं, "त्यो काय, आटणीवाला."

म्हणजे घडणकाम सुटलं होतं. अण्णा दाराच्या सोप्यात भट्टीशी बसला होता, लोकांची मोडीची चांदी आटवून देत. केस पिकले होते. मला बघितलं आणि चिमटा खाली ठेवला.

"या. वळखलं मी. शिट्टीवालं सर."

आमच्या भागात वैरी दारात आला तरी आधी 'बसा' म्हणतात, मग भांडतात. अण्णा 'या' म्हणाला, 'बसा' म्हणाला नाही. मी उभा. त्याची बायको, अक्काताई, आतून चहा घेऊन आली, मला बघितलं, कप माझ्या हातात दिला आणि चौकटीला टेकून उभी राहिली. तीही बसा म्हणाली नाही. मी चहाचा कप घेऊन उभा राहिलो.

मी डबी उघडून रुपया त्याच्यापुढे ठेवला. एस.टी.त पाठ केलेलं एकदम सगळं बोलून टाकलं. तुमचं नाणं आहे, लाखमोलाचं आहे, व्यापाऱ्याचा पत्ता देतो, आणि अण्णा, माझं चुकलं, माझ्या एका शब्दात ते थांबलं असतं, तुम्ही मला मारा. खरंच मारा. चार घाव घाला.

अण्णा हसला. कडू नाही, साधंच हसला. "मी मारून काय करू वो? आन् ह्या हातानं तुमास्नी लागणार तरी किती?"

मग त्यानं तो हात ऐरणीवर ठेवला. माझ्याकडे नाही, हाताकडे बघत म्हणाला, "सर, तुमचं भिंग हाय न्हवं खिशात? काढा. त्या दिशी मी खाली पडून ऐकत हुतो. घाव कुठला, ते तुमी ओळखतासा. आता हे बी बघा. घाई न्हाय. निवांत बघा."

मी चहा खाली ठेवला, गुडघ्यावर बसलो आणि भिंग लावलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा बघितलं. तर्जनीचं नख नव्हतं, पेर पसरून चपटं झालं होतं. मधलं बोट सांध्यातून वाकडं जुळलं होतं. कातडीवर एक बारीक अर्धगोल व्रण होता, हातोडीच्या कडेचा. मी हात उलटून बघितला, सवयीनं. दुसरी बाजू चेपलेली होती.

"कुठला म्हणायचा?" अण्णा म्हणाला.

"मागाहूनचा," मी म्हणालो.

"मोठ्यानं सांगा. त्या दिशी मोठ्यानं सांगितलं हुतंसा."

मी उभा राहिलो. मैदानात लावायचो तो आवाज लावला. म्हातारा झालो होतो, तरी लागला. "मागाहूनचा हाय! ह्या माणसाच्या हातावरचा घाव मागाहूनचा हाय! माझ्यासमोर घातला, मी पाठ फिरवून हुतो!"

शेजारची टिकटिक थांबली. मग पलीकडची. बघता बघता सगळी गल्ली गप्प झाली, आणि उंबऱ्यावरच्या बायकांनी पहिल्यांदा मान वर करून माझ्याकडे बघितलं. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते मी पुसलं नाही. अक्काताईनं पदर तोंडाला लावला होता.

अण्णानं हात मागे घेतला. रुपया उचलला, न बघताच चंचीत टाकला, तंबाखूच्या पुडीशेजारी. मग पायानं पाट माझ्याकडे सरकवला.

"बसा आता, पावणं," तो म्हणाला. "च्या निवला. दुसरा सांगतो."